घसरूभाऊंच्या मरणाचा शर्ट

“यातलं रक्त कुठे गेलं?” घसरूभाऊंनी विचारलं.

“गेलं एकदाचं,” बायको म्हणाली. “थंड पाण्यात भिजवलं म्हणून गेलं. गरम पाण्यात टाकलं असतं तर जन्माचं बसलं असतं. तरी चार वेळा घासावं लागलं. मनगटं भरून आली माझी.”

सकाळचे सात वाजले होते. खुर्चीच्या पाठीवर शर्ट टांगला होता. काल संध्याकाळी तो करडा होता, डाव्या खांद्यापासून बरगडीपर्यंत रक्ताने माखलेला होता, एक खिसा फाटून लोंबत होता आणि पाचपैकी तीन बटणं तुटलेली होती. आज तो पांढराशुभ्र होता. मुळात तो पांढरा आहे हे घसरूभाऊंना आजच कळलं. दोन्ही खिसे नव्याने शिवलेले, बटणं लावलेली, कॉलरला खळ आणि बाहीवर अशी कडक इस्त्री, की त्या घडीवर काकडी चिरता आली असती.

“काय झालं? आवडला नाही?”

घसरूभाऊ मटकन खाली बसले. बसताना खुर्ची जिथे आहे असं त्यांना वाटलं तिथे ती नव्हती, त्यामुळे ते जमिनीवर बसले. बायकोने सवयीने विचारलं, “लागलं का हो?”

चौतीस वर्षांपूर्वी हिंदी सिनेमातल्या पहिल्याच कामात हा माणूस जिन्याच्या अठरा पायऱ्या घसरत खाली आला होता. थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. त्या दिवसापासून त्याचं खरं नाव घरच्यांनाही आठवून सांगावं लागे. पुढे घसरूभाऊ साबणावर घसरले, केळीच्या सालीवर घसरले, काहीच नसलेल्या फरशीवरही घसरले. हिरोचा मित्र, हिरोचा स्वयंपाकी, हिरोच्या मित्राचा स्वयंपाकी. लोक हसत. “प्रेक्षक हसला की का हसला हे नटाने विचारू नये,” असं घसरूभाऊ सगळ्यांना सांगत. मनातून मात्र एकच इच्छा धरून होते, एकदा तरी कोणीतरी आपल्यासाठी रडावं.

आणि साठीला टेकल्यावर तो योग आला. या सिनेमात ते हिरोच्या म्हाताऱ्या ड्रायव्हर काकांचं काम करत होते. एकदाही घसरायचं नव्हतं. शेवटी हिरोला वाचवताना छातीत गोळी खायची आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरायचं. गोळी लागेपर्यंतचा भाग काल झाला होता, मरायचा आज होता. आणि मरायचं याच शर्टात होतं.

सिनेमाचा कपडा सेटवरून घरी न्यायचा नाही, हा नियम घसरूभाऊंना चौतीस वर्षं पाठ होता. पण काल सेटवरचे कपडे सांभाळणारे ड्रेसदादा चहाला गेले होते आणि आरशात स्वतःचं ते गंभीर, रक्तबंबाळ रूप पाहून घसरूभाऊंना मोह आवरला नाही. हे एकदा बायकोला दाखवायचंच, म्हणून वरून कोट चढवून ते तसेच घरी आले. बायको बहिणीकडे गेली होती. तिची वाट पाहत शर्ट खुर्चीवर काढून ठेवला आणि जरा पाठ टेकली, ती थेट सकाळीच उचलली. मधल्या वेळात बायको आली, तिने शर्ट पाहिला आणि तिच्यातली गृहिणी जागी झाली.

“अगं, ते रक्त मुद्दाम लावलेलं होतं! दोन दिवस खपून ड्रेसदादांनी तो शर्ट मळवला होता!”

“मळवायला दोन दिवस?” बायकोला हे पटेना. “आपल्याकडे तर सकाळी घातला की दुपारी होतो.”

“दुसरा नसतो का असा?” मुलीने विचारलं. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि निघायच्या घाईत होती.

“होता. तो माझ्याऐवजी मार खाणाऱ्या मारामारीवाल्याने परवा चिखलात लोळून फाडला. नऊ वाजता शूटिंग आहे. हिरो अकराच्या पुढे थांबणार नाही, परदेशी जातोय दोन महिने. आज मी मेलो नाही तर माझं मरण काढून टाकणार. फोन वाजणार, हिरो ‘काका गेले’ म्हणणार, संपलं! चौतीस वर्षांनी मरण मिळालं, तेही फोनवर!”

बायकोने पदर खोचला.

“ओरडू नका. मी धुतलाय ना, मीच मळवते. होता कसा तो, ते सांगा.”

नशिबाने घसरूभाऊंनी मेकअपरूममध्ये स्वतःचा एक फोटो काढला होता. भोवती दिव्यांची चौकट, मध्ये छातीवर रक्त. मुलीने फोटो समोर उभा केला आणि शाळेत फोन करून उशिरा येते म्हणून कळवलं. बीट किसलं, पिळलं. रंग फारच गुलाबी आला म्हणून त्यात कॉफी घातली. कुंडीतली माती चाळून घेतली. फोटोतल्या डागाचा एकेक ओघळ तिने रंगाच्या कुंचल्याने शर्टावर उतरवला. बायकोने मातीत हात घालून कॉलर अशी चोळली, की इतक्या वर्षांच्या धुण्याचा सूड त्यात दिसत होता. फक्त खिसा उसवायची वेळ आली तेव्हा ती अडली.

“माझ्या हातची शिवण माझ्याच हाताने उसवू?”

“आई, बाबांना मरायचंय!”

“बरं बाई, मरू दे,” म्हणत तिने कात्री घेतली.

पावणेनऊला शर्ट तयार झाला. फोटोशी ताडून पाहिला, डाग न डाग जुळत होता. घसरूभाऊंनी मुलीची पाठ थोपटली, बायकोकडे पाहून हात जोडले आणि धावत सुटले. दारातल्या पायपुसण्यावर घसरले, पण पडले नाहीत. हा त्यांनी शुभशकुन मानला.

सेटवर कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या बाई होत्या. कालच्या शॉटमध्ये जे जिथे होतं ते आजही तिथेच आहे ना, हे पाहणं त्यांचं काम. चष्मा लावून त्यांनी आधी कालच्या फोटोकडे पाहिलं, मग घसरूभाऊंकडे, मग पुन्हा फोटोकडे.

“घसरूभाऊ, काल गोळी डावीकडे लागली होती.”

“हो.”

“आज उजवीकडे कशी?”

घसरूभाऊंनी मान खाली घालून पाहिलं. दोन खिशांचा शर्ट. उजवा खिसा लोंबत होता, उजवी छाती रक्ताने माखली होती, आणि बिचाऱ्या हृदयाच्या बाजूला खरचटलंही नव्हतं. तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. तो फोटो त्यांनी आरशात पाहून काढला होता. आरशात सगळंच उलटं.

“आणि हे काय?” बाईंनी पोटावर बोट ठेवलं. तिथे एक हिरवं बटण होतं. काल तिथे काहीच नव्हतं. बायकोने रात्री लावलेल्या तीन बटणांपैकी दोन पुन्हा कापली होती, हे मात्र गुपचूप ठेवलं होतं. बटण नसलं की नवऱ्याचं पोट उघडं पडतं, आणि ते साऱ्या दुनियेने पाहावं हे तिला मंजूर नव्हतं. हिरवं बटण तिच्या स्वतःच्या स्वेटरचं होतं. बाईंनी कात्री लावली, पण दोरा असा दुहेरी-तिहेरी ओवला होता, की बटणाआधी कापडच फाटायला लागलं.

“राहू द्या,” घसरूभाऊ घाईने म्हणाले. “मी हाताने झाकतो.”

ड्रेसदादा आले, त्यांनी शर्ट हुंगला. “कॉफी?” एवढं एकच ते बोलले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. मग त्याला एक युक्ती सुचली. सगळा सीन उलटा छापायचा, डावं ते उजवं, उजवं ते डावं. पण हिरो हटून बसला. त्याच्या करारात लिहिलं होतं, की त्याचा चेहरा डाव्या बाजूनेच दिसेल. “उलटं छापलं तर माझा भांगही फिरेल,” तो म्हणाला. दहा वाजून गेले होते.

“भाऊ, आता तुम्हीच सांगा, काय करू?” दिग्दर्शक म्हणाला. “फोनवरच मरा झालं.”

घसरूभाऊंचं धाबं दणाणलं. पण संकटात माणसाला स्वतःचा धंदा आठवतो. चौतीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पक्की शिकून ठेवली होती. माणूस एकदा पडला की लोक नुसते बघतात. सावरून उभा राहतोय तोच पुन्हा पडला, की तो त्यांचा होतो.

“मला आणखी एक गोळी मारा,” ते म्हणाले.

“काय?”

“कालची डावीकडे लागली. ती लागूनही मी उठतो, हिरोला ढकलतो, आणि दुसरी उजवीकडे लागते. डावी बाजू दादा रंगवतील, उजवी आमच्या घरून आलीच आहे.”

मग ड्रेसदादा भिंतीकडून वळले आणि त्यांनी रंगाची बाटली उघडली.

पावणेअकराला घसरूभाऊ मेले. हिरोच्या मांडीवर डोकं, दोन्ही बाजूंनी रक्त, आणि एक हात पोटावर घट्ट. हिरो डोळ्यांत पाणी आणून पुटपुटला, “यांच्यातून कॉफीचा वास येतोय,” पण ते शब्द नंतर काढून टाकले. दिग्दर्शकाला त्या हाताचं कोडं पडलं. गोळ्या छातीत, मग हात पोटावर का? विचारायला वेळ नव्हता, कारण हिरोची गाडी सुरू झाली होती.

सिनेमा लागला त्या आठवड्यात एका वर्तमानपत्रात समीक्षण आलं. मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. छातीत दोन गोळ्या घेतलेला हा ड्रायव्हर मरताना पोटावर हात ठेवतो, त्या एका हातात गरिबाच्या आयुष्यभराच्या भुकेचं दर्शन घडतं, वगैरे. घसरूभाऊंनी ते दोनदा वाचायला लावलं. बायको म्हणाली, “भूक कसली? बटण आहे तिथे.”

रविवारी दुपारच्या खेळाला ते दोघं मागच्या रांगेत जाऊन बसले. पडद्यावर घसरूभाऊ आले आणि लोक सवयीने हसले. पण पहिली गोळी लागली तसं हसू विरलं. दुसरी लागली आणि सगळं थिएटर चिडीचूप झालं. घसरूभाऊ पडद्याकडे पाहतच नव्हते. ते बायकोकडे पाहत होते. त्यांच्या प्रत्येक सिनेमात, प्रत्येक पडण्याला, अंधारात ती हळूच विचारायची, “लागलं का हो?” यापलीकडे ती कधी हसली नव्हती की रडली नव्हती. आज मात्र ती हमसून हमसून रडत होती.

घसरूभाऊंनी तिचा हात धरला.

“अगं, रडतेस काय? हा काय मी इथे. धडधाकट आहे.”

“तुम्ही आहात हो, मला दिसत नाही का?” तिने नाक पुसलं. “पण तो शर्ट बघा ना! एक बाजू कमी होती म्हणून दुसरीही माखली मेल्यांनी! चार वेळा घासला होता हो मी तो!”

घसरूभाऊंनी खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला. प्रेक्षक रडला की का रडला, हे नटाने विचारू नये.