पानी कसं लागनं?

आमच्या गल्लीतल्या रघुनानांच्या सदऱ्याच्या खिशाला पेनासारखं काहीतरी अडकवलेलं असतं. ते पेन नाही. पाण्यात क्षार किती आहेत ते सांगणारं यंत्र आहे. नाना कुठेही गेले आणि समोर पाण्याचा पेला आला, की आधी यंत्र बुडतं, मग नाना बसतात. मागे एका साखरपुड्याला मुलीच्या वडिलांनी मोठ्या मानाने पाणी पुढे केलं. नानांनी यंत्र बुडवलं, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि भर मांडवात मुलाकडच्यांना निकाल सांगितला, "पोर चांगली शे. पानी खारं शे. इचार करी ल्या."

मुलीचा मामा बाह्या सावरत उठला. त्याला खाली बसवताना माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं. नाना मात्र रुमालाने यंत्र पुसत होते. खोटं काही बोलले नव्हते ते. नंदुरबारला आमच्या भागातलं बोअरचं पाणी तसंच आहे. स्टीलचा पेला पांढरा पडतो, डाळ शिजता शिजत नाही. पण ते सगळ्यांच्याच नशिबी असल्यामुळे कोणी चारचौघांत बोलून दाखवत नाही.

नानांचं आयुष्य मिरचीच्या पथारीवर गेलं. लाल मिरची उघड्या रानात उन्हात पसरायची, उलटायची, ओली-सुकी वेगळी करायची, दिवसभर मजुरांवर ओरडायचं आणि संध्याकाळी डोळ्यांवर पाणी मारत घरी यायचं. या कामात जीभ कामातून जाते. "मन्ही जीभ मिरचीनी खाई टाकी," असं ते सांगतात, एखाद्या सैनिकाने लढाईत हात गेल्याचं सांगावं तसं. माझ्या बायकोने एकदा त्यांना मीठ घालायचं विसरलेली वांग्याची भाजी पाठवली. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो घासूनपुसून, वर निरोप, "सरसले सांगा, भाजी एक नंबर." मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, म्हणून सर. भाजीशी माझा संबंध फक्त खाण्यापुरता.

तर जीभ नाही म्हणून यंत्र, आणि यंत्रावरही भरवसा नाही म्हणून माणसं. दूधवाला येवो, वर्गणीवाले येवोत, मीटर बघणारा येवो, नानांच्या ओट्यावर पाऊल ठेवलं की हातात पेला येतो आणि पहिल्या घोटाला प्रश्न, "पानी कसं लागनं?" उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. "बरं आहे" म्हटलेलं चालत नाही. "बरं म्हंजे काय? खारं का गोडं, ते सांगा!"

गल्लीत नाना प्रसिद्ध आहेत ते फिल्टरमुळे. म्हणजे न घेतलेल्या फिल्टरमुळे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर पेन्सिलने एक चौकोन आखलेला होता. शेजारी विजेचा सॉकेट, खाली नळी जोडायला तोटी. सगळी तयारी. चौकोन रिकामा. कित्येक वर्षं नाना फिल्टर "निवडत" होते. दुकानदार, घरोघर फिरणारे विक्रेते, पेपरातल्या जाहिराती, कोणाला त्यांनी सोडलं नाही. आरओ घ्या म्हटलं की म्हणत, "तो अर्धं पानी गटारमा टाकस. आम्ही तापीकाठना मानसं, पानी फेकूत का?" साधा कँडलचा घ्या म्हटलं तर, "त्यामा खारं तसंच ऱ्हास." मोठं मॉडेल घरात मावत नाही, लहान पुरत नाही. शेवटी ठरलेलं वाक्य, "अजून देखी ऱ्हायनू," म्हणजे अजून बघतोच आहे.

एकदा एक विक्रेता आला होता. त्याने ओट्यावर दोन पेले मांडले, एकात त्याच्या फिल्टरचं पाणी, एकात नानांच्या घरचं. दोन्हींत तारा सोडून वीज जोडली. घरच्या पाण्याचा बघता बघता तपकिरी गाळ झाला, वर फेस. बायका तोंडावर पदर धरून बघत राहिल्या. "हे तुम्ही रोज पिताय!" तो म्हणाला. मला राहवलं नाही. मी घरातून चिमूटभर मीठ आणलं, त्याच्याच शुद्ध पाण्यात टाकलं आणि तारा त्यात बुडवल्या. तेही तस्संच तपकिरी झालं. तारेतलं लोखंड पाण्यात उतरतं, घाण पाण्यातली नसते, हे मी सगळ्यांना वर्गात सांगतो तसं खुलासेवार सांगितलं. विक्रेत्याला घाम फुटला. मला वाटलं, नाना शाबासकी देतील.

"सर, तुम्ही घर जा," नाना म्हणाले. "पाव्हना घाबरी गया. त्याले चहा पेऊ द्या."

मी घरी आलो. तो माणूस दिवेलागणीपर्यंत नानांच्या ओट्यावर बसून होता. त्याचं गाव, त्याची आई, गुडघेदुखीवरचं तेल, सगळं झालं. जाताना नानांनी त्याला सांगितलं, "पुढला महिनामा ये. अजून देखी ऱ्हायनू."

हसण्यासारखंच होतं हे, आणि आम्ही हसतही होतो. पण फिल्टर हवा होता तो नानांना नाही, प्रवीणसाठी. प्रवीण त्यांचा एकुलता एक मुलगा, सुरतेला कापडाच्या कंपनीत. नानी गेल्या, तेराव्यानंतर प्रवीण बायको-मुलाला घेऊन परत गेला आणि नाना एकटे राहिले. पुढे एका सुट्टीत ते आले असताना नातवाचं पोट बिघडलं. मुलं उन्हाळ्यात काय काय खातात, पण नाव पाण्यावर आलं. त्याच्या पुढच्या खेपेला प्रवीणने गाडीच्या डिकीतून पाण्याच्या बाटल्यांची खोकी उतरवली. सुनेने कुकरसुद्धा त्याच पाण्यात लावला. नाना तांब्या भरून दारात उभे होते. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, घरच्यालाही. सून म्हणाली, "राहू द्या ना नाना, आमचं आहे." नाना तांब्या घेऊन आत गेले. तो प्रसंग मी माझ्या खिडकीतून पाहिला आणि खिडकी लोटून घेतली.

तेव्हापासून प्रवीणचं एकच पालुपद. "नाना, आधी चांगला फिल्टर बसवा. मग आम्ही महिना महिना राहायला येतो."

सुरत काही परदेश नाही. सकाळी गाडीत बसलं की माणूस जेवणाला नंदुरबारला. पण मी कोणाला बोलू? माझी आई धानोऱ्याला असते, थोरल्या भावाकडे. धानोरा तर आमच्या तालुक्यातच. दर शनिवारी येतो म्हणतो आणि शुक्रवारी फोन करून सांगतो की शाळेत तपासणी आहे. इतक्या तपासण्या असत्या तर आमची शाळा राज्यात पहिली आली असती.

कदाचित त्यामुळेच असेल, पण यंदा सुट्टी लागायच्या आधी मला नानांच्या त्या चौकोनाचा राग आला. एवढा शहाणा माणूस एक फिल्टर निवडू शकत नाही, आणि त्यापायी नातवाचं तोंड बघायला मिळत नाही! मी दुकानात गेलो, आमच्या पाण्याला चालेल असा आरओ निवडला, फेकलं जाणारं पाणी धुण्याभांड्याला वापरता येईल म्हणून वेगळी नळी घेतली आणि मेकॅनिकला घेऊनच नानांच्या दारात उभा राहिलो.

नाना एकदम गडबडले. "सर, घाई कशाले? मी देखी ऱ्हायनू ना!"

"बघून बघून भिंत म्हातारी झाली नाना."

"भिंत ऱ्हाऊ द्या तशी."

"प्रवीण येईल. नातू येईल. तुम्हाला नको का?"

नाना उठून बाहेर गेले. मेकॅनिकने पेन्सिलच्या चौकोनात ड्रिल लावलं, तेव्हा नाना ओट्यावर पाठ करून बसले होते. मला वाटलं, यंत्राचा आवाज सहन होत नसेल. मी खरंच इतका ठोंब्या आहे.

हिरवा दिवा लागला. पाणी खरोखर गोडं होतं. मी तिथूनच प्रवीणला फोन लावला.

"काय सांगता सर! बसवला?" तो म्हणाला. "वा. छान केलंत. मग या रविवारी बघतोच."

नानांनी घर झाडलं. गोधड्या उन्हात टाकल्या. फिल्टरच्या पाण्याने बाटल्या भरून फ्रिजमध्ये उभ्या केल्या. गल्लीतल्या प्रत्येकाला ते पाणी पाजलं आणि प्रत्येकाकडून "गोडं" असं वदवून घेतलं. रविवारी प्रवीणचा फोन आला, मुलाचा पोहण्याचा क्लास सुरू झालाय. पुढच्या रविवारी सुनेच्या भावाकडे वास्तुशांती होती. त्याच्या पुढच्या वेळी ऊन फार होतं. "तिकडे एसी नाही ना सर, पोरगं सुकून जाईल," असं त्याने मलाही सांगितलं. मी "हो ना" म्हटलं. मला हे सूर पाठ आहेत.

त्या दिवशी मी नानांकडे गेलो तर ते फ्रिजमधल्या बाटल्या अंगणातल्या कडुनिंबाला घालत होते.

"नाना, येईल तो. कामं असतात."

नानांनी बाटली उलटी धरली. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरली. "सर, फिल्टर नव्हता तव्हय पानी खराब व्हतं," ते म्हणाले. "आते काय खराब शे?"

एवढी वर्षं ज्याला आम्ही चेंगटपणा म्हणून हसत होतो, ती त्यांची शिल्लक होती. रिकाम्या चौकोनाच्या जागी पोराची अडचण ठेवता येत होती. ती जागा मी भरून टाकली.

चार दिवसांनी त्यांच्या ओट्यावर चढत होतो तर आतून फोनवर बोलणं ऐकू आलं. नाना नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होते. "आरे, तो फिल्टर बिघडी गया... हां, बंदच शे. मेकॅनिक सांगस पार्ट सुरतथून येवाना शे... नही नही, पोरले आनू नको. उगाच पोट बिघडी. मी सांगसू तुले." उघड्या दारातून दिसत होतं, त्यांच्या डोक्याच्या बाजूला भिंतीवर फिल्टरचा हिरवा दिवा जळत होता.

मी तसाच मागे फिरलो. संध्याकाळी प्रवीणचा मला फोन आला. "सर, फिल्टर बिघडला म्हणे?"

वर्गात मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगताना मी टेबलावर हात आपटतो. "हो," मी म्हटलं. "बंद पडलाय."

"तरीच!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतका मोकळेपणा मी कितीतरी दिवसांनी ऐकला. "मी निघणारच होतो सर. आता दुरुस्त झाला की कळवा, लगेच येतो. नानांकडे लक्ष ठेवा."

दुसऱ्या दिवशी नानांकडे गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं, पेला घेतला, फिल्टरची तोटी सोडली, पेला भरला आणि माझ्या हातात दिला. सगळं माझ्या डोळ्यांसमोर. मी पहिला घोट घेतला. पाणी थंड होतं, गोडं होतं.

"पानी कसं लागनं?" नानांनी विचारलं.

यंत्र त्यांच्या खिशाला होतं. साखरपुड्यात, बारशात, बँकेत, कुठेही चैन न पडणारा त्यांचा हात आज मांडीवरच होता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"खारं," मी म्हटलं. "खारं झालंय नाना पुन्हा."

नानांनी हळूच मान हलवली. पेला माझ्या हातातून घेतला आणि त्यातलं उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.

"मंग," ते म्हणाले, "असं पानीवर तो पोरले कसा आनी? दुसरा फिल्टर देखना पडी, सर."