उत्तरेला उशी

आमच्या शेजारचे दहिवले सर रोज उत्तरेला डोकं करून झोपतात. तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या बेला गावात उत्तरेला डोकं करून माणसाला एकदाच निजवतात आणि तेव्हा तो हरकत घ्यायला उरलेला नसतो. सरांचं मात्र हे रोजचं, तेही अंदाजाने नाही. खिशातलं होकायंत्र काढायचं, खाटेच्या माचव्यावर ठेवायचं, सुई थरथरून स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं आणि मग गुडघ्याने खाट तसूभर सरकवायची. लोक देवाला नमस्कार करून झोपतात, सर सुईला करून झोपतात.

उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात दोन खाटा शेजारी-शेजारी पडतात. एक सरांची, दुसरी सुमनकाकूंची. काकूंची उशी ठाम दक्षिणेला. त्यामुळे या दोघांच्या संसारातली सगळी महत्त्वाची बोलणी एकमेकांच्या तळपायांशी झालेली आहेत. मुलीचं लग्न, घराची स्लॅब, सगळं. मधल्या भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं, आणि मी ऐकतेही, खोटं कशाला बोलू.

"अवं, भगवंत सोता उत्तरेला डोकं करून झोपले व्हते," सर म्हणतात. त्यांच्या बैठकीत बुद्धांच्या महापरिनिर्वाणाची मोठी तसबीर आहे, तिच्याकडे हात करून म्हणतात.

"झोपले," काकू म्हणतात. "पन मंग उठले का?"

यावर सर कूस बदलतात.

सर मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. पृथ्वीच्या पोटात उभी चुंबकपट्टी दाखवणारं चित्र पुस्तकात आलं की त्यांचं डोकं फिरायचं. वर्गातल्या प्रत्येक पुस्तकातली ती पट्टी ते पोरांकडून खोडून घ्यायचे. साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी साहेबांच्या हातातल्या पुस्तकातलीही खोडली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण राग ताजा आहे. मी सरकारी मंडल कचेरीत नोकरी करते, पुस्तकाशी माझा काडीचा संबंध नाही, तरी एका रविवारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. चुंबक केलेली शिवणाची सुई चिमट्यात धरून चुलीत लाल केली, निववली आणि टाचण्यांपुढे धरली. एकही टाचणी हलली नाही.

"पाह्य! तापलं का चुंबकपन गेलं. अन् पृथ्वीच्या पोटात तं लोखंड पान्यावानी पातळ झालेलं हाय. तिथं पट्टी कशी टिकन?"

"मग तुमची ही सुई उत्तरेला कशाला जाते, सर?"

हाच प्रश्न मी विचारावा म्हणून ते थांबलेले होते. काकूंनी चुलीवर आंबील ठेवली होती. सरांनी झाकण उचललं. "पाह्य. खालचं तापून वर येऊन राह्यलं, वरचं निवून खाली चाललं. तसंच ते लोखंड. त्यात पृथ्वी गरगर फिरते, म्हून त्याले पीळ पडते. लोखंड फिरलं का वीज, वीज वाह्यली का चुंबक, अन् त्या चुंबकात लोखंड फिरलं का पुन्ना वीज. सायकलचा डायनामो, बस! आतून ढवळून राह्यलं, म्हून वर सुई उभी हाय."

"पण अगदी पहिलं चुंबकपण आलं कुठून?"

"थोडंसंक असावं लागते. कुठून बी आलेलं. मंग ढवळनं बंद नाई झालं पायजे."

"तुमच्या ढवळन्यात आंबील लागली खाली," काकू म्हणाल्या आणि झाकण हिसकावून घेतलं.

सरांचा दुसरा गुण, किंवा काकूंच्या मते रोग, म्हणजे दिशेच्या बाबतीत ते कधी खोटं बोलत नाहीत. आमच्या गल्लीतल्या एकाने पूर्वाभिमुख म्हणून घर विकायला काढलं. गिऱ्हाईक आलं, चहा झाला, सौदा ठरत आला आणि सर तिथून चालले होते. त्यांनी यंत्र काढलं. "पूर्व नोको म्हनू, लेका. आग्नेयीकडं झुकलं हाय." गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. आदिलाबादच्या बसमध्येही बस वळली की हे मोठ्याने जाहीर करतात, "आता नैर्ऋत्य!" कंडक्टर तिकीट फाडता फाडता तेलुगूत, बरं सर अशा अर्थी, "सरे सारू" म्हणतो. त्यालाही सवय झाली आहे.

तर गेल्या हिवाळ्यात काकूंच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. पुढे हातातून ताटं निसटायला लागली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेचा चुंबकाच्या मोठ्या मशीनमध्ये फोटो काढा, त्याशिवाय गोळ्या द्यायच्या की ऑपरेशन करायचं ते कळणार नाही, आणि उशीर केला तर हात जाईल.

काकू मशीनला भ्याल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "डोकं कोनीकडं करतात?"

सरांनी आंबील, डायनामो, सगळं पुन्हा सांगितलं. त्या मशीनचं चुंबक पृथ्वीपेक्षा हजारो पटींनी दांडगं असतं, तिथे उत्तर-दक्षिण कोण विचारतो, हेही सांगितलं. काकू ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माह्या मायले मी तसं निजवलेलं पायलं. मी लहान व्हती. मी नाई करनार उत्तरेला डोकं." मग सरांचा आवाज चढला नाही. ते अंगणात जाऊन बसले. मी भिंतीवरून पाहिलं तर यंत्र हातात होतं आणि झाकण बंद होतं. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली.

शेवटी "पाहून तर येऊ" म्हणत मी दोघांना घेऊन गेले. फोटो काढणारा मुलगा तेलुगू होता, आमच्याशी हिंदीत बोलत होता. सरांनी दारातच विचारलं, "बाबू, ये मशीन घुमती क्या?"

"चाचा, इसको क्रेन से उतारे थे."

सरांनी यंत्र काढलं. मुलगा ओरडलाच, "वो अंदर नहीं! खिंच के चिपक जाएगा." सर मागे सरत सरत थेट फाटकापर्यंत गेले, तिथे सुई स्थिर होऊ दिली, मान वळवून खोलीकडे पाहिलं, पुन्हा सुईकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी मला काही सांगायची गरजच नव्हती. परत येऊन त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं.

"कोनीकडं येते डोकं?" काकूंनी विचारलं.

मुलगा घड्याळ बघत होता. काकूंचा उजवा हात पदरात लोंबत होता.

"दक्षिनेला," सर म्हणाले.

"बराबर पायलं?"

"पायलं. पक्की दक्षिन."

काकू चप्पल काढून आत गेल्या आणि निमूट आडव्या झाल्या. दार लागलं, आतून ठोकल्यासारखा आवाज सुरू झाला. सर बाकावर बसून दोन्ही हात मांड्यांवर घासत होते. एवढा जाणता माणूस त्या आवाजाला घाबरला होता. की आपण बोललो त्याला?

निदान बरं निघालं. मानेत नस दबली होती, गोळ्या आणि व्यायामावर भागणार होतं. माझा जीव भांड्यात पडला. बायकांच्या खोलीत मी काकूंच्या हातात मशीनसाठी उतरवलेल्या बांगड्या चढवत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "उत्तर व्हती न वो?"

माझ्या हातातली बांगडी थांबली.

"सकाळचं ऊन पाठीवर घेऊन आत आली मी. मशीन उजव्या हाताले, डोकं बी तिकडंच. सारा जल्म कापूस येचला, मले उत्तर नाई कळत?"

"मग झोपलात कशा, काकू?"

"त्याईनं आजलोक कोनाले दिशा खोटी नाई सांगतली. माह्यासाठी सांगतली." त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले. "मंग मी भेव धरून बसू काय? अन् त्याईले बोलू नोको. खोटं धरलं गेलं समजलं तं जेवनार नाई हा मानूस."

परतीच्या बसमध्ये मी सरांना यंत्र परत दिलं. त्यांनी ते न उघडता खिशात टाकलं आणि खिसा हाताने दाबून धरला. फाट्यावर बस वळली. कंडक्टरने सवयीने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

"काऊन वो," काकूंनी विचारलं, "आज दिशा नाई सांगत?"

सर जरा चाचरले. "आभाळ आलं हाय," म्हणाले. "सुई बराबर नाई लागत अशात."

ढगांचं आणि सुईचं काही देणंघेणं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. बाहेर रखरखीत ऊन पडलं होतं, कापूस वेचलेल्या पऱ्हाट्या लख्ख दिसत होत्या, औषधालासुद्धा ढग नव्हता.

काकूंनी वाकून खिडकीतून वर पाहिलं. मग आपला मुंग्या आलेला हात सरांच्या मांडीवर ठेवला.

"हो न बाप्पा," म्हणाल्या. "लय आभाळ आलं."