तपासल्याबिगर पास नाही

आमचे शेजारी भाऊजी भाजीला निघताना दोन गोष्टी कधी विसरत नाहीत. एक पिशवी आणि दुसरा व्हर्नियर. ज्यांचा व्हर्नियरशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते: कारखान्यात लोखंडाच्या तुकड्याची जाडी अगदी केसाइतकी अचूक मोजायची ती जबडा असलेली पोलादी पट्टी. भाऊजी त्या जबड्यात वांगं धरतात. भरल्या वांग्याची आठही वांगी एका मापाची पाहिजेत, नाहीतर चार शिजतात आणि चार रुसून बसतात, असं त्यांचं शास्त्र. प्रताप नगरच्या बाजारातल्या भाजीवालीला आता सवय झाली आहे. ती म्हणते, "मोजा भाऊ, मोजा. पण वांग्याले लाजवू नका."

नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात भाऊजी चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. आलेला माल तपासायचा आणि त्यावर 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा, एवढंच काम. ते निवृत्त झाले, पण शिक्का झाला नाही. लग्नपत्रिका हातात पडली की आधी चारही कोपरे जुळतात का ते बघतात, मग लग्न कोणाचं ते. माझ्या सांबारवडीला, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीला, दोन वेळा रिजेक्ट मिळालं आहे, एकदा जाडीवरून आणि एकदा "कडा एकसारख्या नाही" म्हणून. दोन्ही वेळा ताटलीत मात्र काही उरलं नव्हतं. मी तसं दाखवल्यावर म्हणाले, "तपासल्याबिगर पास नाही, वहिनी. अन् खाल्ल्याबिगर तपासणं नाही."

त्यांची बायको सुनंदा माझी मैत्रीण. ती सांगते, "मले पाहाले आले तवा अर्धा तास एक शब्द बोलले नाही. माह्या बाबाले वाटलं, पोरगा मुका आहे. मंग उठता उठता म्हणे, 'पास.' मीही म्हटलं, मुका नाही ना, मंग चालते."

असे हे भाऊजी गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी माझ्याकडे आले. खुर्ची डगमगते का ते हलवून पाहिलं, बसले, खिशातून वही काढली आणि विचारलं, "वहिनी, गेम खेळाले कंप्युटर चांगला का कन्सोल?"

दुसरी कोणी आजी असती तर तिनं पाणी आणून दिलं असतं. पण या विषयात कॉलनीत माझा शब्द प्रमाण आहे. नातीनं मला दोन्ही शिकवलं आहे. बहात्तराव्या वर्षी मी आभाळातून उडी मारून, दुसऱ्याच्या घरात शिरून, त्याचीच बंदूक घेऊन त्यालाच मारते, आणि मग उठून वरण फोडणीला टाकते. मी त्यांना नीट समजावलं. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायची पेटी. दोन मुठींचं रिमोट हातात घ्यायचं, दिवाणावर तंगड्या पसरायच्या आणि खेळायचं. कंप्युटरला टेबल लागतं, खुर्ची लागते, कीबोर्ड-माउस लागतो आणि ताठ बसावं लागतं. "या वयात कन्सोल घ्या," मी म्हटलं.

"काहून?"

"काहून काय? पाठ!"

त्यांनी वहीत 'पाठ' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि गेले. मला वाटलं, संपलं. पण ती नुसती सुरुवात होती.

त्या वहीत दोन रकाने होते, डावीकडे कंप्युटर, उजवीकडे कन्सोल. भाऊजी आठवड्यातून दोनदा सदर बाजारातल्या दुकानांत जाऊन रकाने भरू लागले. एकदा मीही सोबत गेले. दुकानदार बिचारा तरुण माणूस, उत्साहानं म्हणाला, "अंकल, ग्राफिक्स देखिए, एकदम रिअल!"

"रिअल तर माह्या खिडकीतून पण दिसते," भाऊजी म्हणाले. "मे महिन्यात चालते का ते सांगा."

"जी?"

"मे महिना. दुपारचे तीन. कूलर सुरू आहे, खोलीत दमट हवा आहे, लाइट दोनदा जाऊन आली. तवा चालते का?"

दुकानदारानं डब्यावर काय लिहिलंय ते वाचलं. डबा बनवणाऱ्यांना नागपूर ठाऊक नसावं. "जवाब नाही," भाऊजी वहीत लिहीत म्हणाले. "रिजेक्ट." नंतर नंतर तो दुकानदार भाऊजींची स्कूटर दिसली की स्वतःच स्वतःसाठी चहा आणायला बाहेर पडायचा.

होळीपर्यंत वहीची वीस पानं भरली होती. पंख्याचा आवाज, तारांची लांबी, तळाला रबर आहे का, झुरळ शिरेल एवढी भोकं किती. प्रत्येक पानावर कन्सोल पुढे. जागा कमी, कटकट कमी, पाठ सुरक्षित. तरी शिक्का काही पडेना. कन्सोल जिंकत आला की भाऊजी नवीन मुद्दा काढायचे. सुनंदा वैतागून म्हणाली, "अहो, पोरगी पसंत नाही म्हणून पत्रिका जुळत नाही सांगतात ना लोक, तसं करून राहिले तुम्ही."

इथे मला जरा मागे जावं लागेल आणि तुमची एका बाईंशी ओळख करून द्यावी लागेल. अकरा वर्षांपूर्वीची मी. शाळेतून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले होते. कडक इस्त्रीची साडी, नाकावर चष्मा, आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या पर्समध्ये. ती बाई तुम्हाला आज रस्त्यात भेटली तर पलीकडच्या फुटपाथवर जा. मीही जाईन. कॉलनीच्या गणपतीत मला भाषणाला बोलावलं आणि मी 'संगणकीय खेळ आणि आपली मुलं' या विषयावर पन्नास मिनिटं बोलले. तोपर्यंत मी माउसला हात लावलेला नव्हता. तो आपल्या आपण पळतो की काय अशी मला मनातून भीती होती. पण बोलताना काय तो आवेश! "पालकांनो, उचला ते यंत्र आणि घराबाहेर काढा!" टाळ्या पडल्या. मला नारळ मिळाला.

टाळ्या वाजवून सगळे घरी गेले आणि झोपले. माझं ऐकलं फक्त एका माणसानं. भाऊजींचा मुलगा मंदार तेव्हा दहावीत होता. त्याचा कंप्युटर भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी उचलला आणि कोणाला तरी देऊन टाकला. मंदार शाळेतून आला, रिकाम्या टेबलाकडे बघितलं, हात धुतले आणि जेवायला बसला. रडला नाही, ओरडला नाही. नंतर उत्तम गुणांनी पास झाला. मी त्या वेळी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, माझ्या भाषणाचा परिणाम! परिणाम झालाच होता, फक्त गुणपत्रिकेत दिसत नव्हता. त्या दिवसापासून मंदार वडिलांशी कामापुरतंही बोलेनासा झाला.

भांडण म्हणाल तर झालंच नाही. भांडणात निदान चार शब्द तरी होतात. मंदार शिकला, पुण्याला नोकरीला लागला. दर रविवारी अकरा वाजता त्याचा फोन येतो, आईला. सुनंदा फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडते आणि भाऊजी समोर पेपर धरून बसतात.

"त्याले म्हण, गाडीच्या टायरमधली हवा चेक करत जाय."

"बाबा म्हणतात, हवा चेक कर."

"केली म्हण."

"केली म्हणते."

सगळं सगळ्यांना ऐकू येतं, तरी सुनंदा इमानदारीनं निरोप इकडून तिकडे पोचवते. अकरा वर्षं!

आणि मंदारची नोकरी कसली? गेम तपासण्याची. तयार झालेला गेम खेळून खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. भाऊजी लोकांना सांगतात, "पोरगा पुण्याले इन्स्पेक्शनले आहे." कसल्या इन्स्पेक्शनला ते सांगत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, नटबोल्ट असतील.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तरी मला मार्चपर्यंत उमगलं नव्हतं की भाऊजी वही कसली भरताहेत. एकदा मी सहज म्हणून गेले, "अहो, एवढी दुकानं पालथी घालता, मंदारलाच विचारा न. तो दिवसभर दोन्ही हाताळतो."

भाऊजींनी वही मिटली. "त्याले कायले त्रास? कामात राहते तो." मग गुडघ्यावर पँटची घडी सारखी करत बसले. "विचाराले पायजे, वहिनी. पण सुरुवात काय करू? मी एकटा असलो का बोलून पाहतो. 'हॅलो'च्या पुढे काही येतच नाही मले. म्हटलं, त्यानं तपासलेला एखादा गेम आणू घरी. खेळून पाहू. मंग काही तरी बोलाले मिळन."

मी म्हटलं, "भाऊजी, ते भाषण माझं होतं. चूक..."

"भाषण तुमचं," ते म्हणाले. "उचलला मी."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या दारात रिक्षा थांबली आणि मोठे खोके उतरले. कन्सोल नव्हता. कंप्युटर होता. मी वही मागून घेतली. शेवटच्या पानावर निर्णय लिहिला होता, 'कंप्युटर', आणि कारणाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

"आणि पाठ?" मी विचारलं.

"पाठ पास आहे," म्हणाले आणि खोके घेऊन मंदारच्या खोलीत गेले. ते टेबल अकरा वर्षं तसंच रिकामं होतं. सुनंदानं त्यावर कधी इस्त्रीचे कपडेसुद्धा ठेवले नव्हते.

मंदारनं तपासलेला गेम डोंगरातून मालट्रक चालवण्याचा आहे. माल घेऊन घाट उतरायचा, नदी ओलांडायची, पलीकडच्या गावी पोचायचं. पोरं तो तासाभरात संपवतात. भाऊजींचा ट्रक ताशी वीसच्या वर जात नसे. वळणावर हॉर्न, उतारावर पहिला गिअर, समोर मेंढ्या आल्या की इंजिन बंद. मागून गेममधल्या गाड्या कोकलत. मी शेजारी बसून म्हणायची, "अहो, मारा न पुढे! ह्या मेंढ्या खऱ्या नाहीत!" त्यावर भाऊजी शांतपणे म्हणत, "मालक तर असन न कोणी त्यांचा?" पाच आठवड्यांनी आमचा ट्रक नदीच्या पुलापाशी पोचला. पूल ओलांडताना हजर राहायचं म्हणून त्या रविवारी मी मुद्दाम सकाळीच गेले.

अकराला फोन वाजला. सुनंदा फोन आणि गवारीची परडी घेऊन खोलीच्या दारातच बसली. इकडचं तिकडचं झालं. भाऊजींनी ट्रक पुलावर उभा केला होता. "त्याले म्हण..." ते म्हणाले आणि थांबले. सुनंदा वाट बघत राहिली. मग त्यांनी हात पुढे केला. "दे वं इकडे."

सुनंदाच्या हातातून गवार सांडली.

"मंदार. मी बोलून राहिलो."

तिकडे खुर्ची सरकली. मग, "हो, बाबा."

"तुमच्या त्या ट्रकच्या गेममध्ये फॉल्ट आहे."

"तुम्ही... गेम खेळून राहिले?"

"तपासून राहिलो."

"कन्सोल घेतला का? टीव्हीवर?"

"नाही. कंप्युटर."

"कुठे ठेवला?"

"तुह्या खोलीत. टेबलावर."

सुनंदानं पदर तोंडाशी धरला होता. मी, जिला पन्नास मिनिटं बोलायला विषयसुद्धा लागत नसे, ती खाली सांडलेली गवार वेचत बसले.

"फॉल्ट कुठे आहे?" मंदारनं विचारलं. आता आवाज कामाचा होता, अगदी बापासारखा.

"नदीचा पूल. डावीकडून तिसरा खांब. जमिनीले टेकत नाही. बोटभर फट आहे."

"तो पूल मी स्वतः पास केला, बाबा."

"म्हणूनच तुले सांगून राहिलो."

तिकडून हसल्यासारखा एक श्वास ऐकू आला. "बरं. माउसनं कॅमेरा खाली घ्या. अजून. खांबाच्या तळाशी या. आता काय दिसते?"

मी चष्मा सरळ केला आणि पडद्याला नाक लावून पाहिलं. तिसरा खांब जमिनीत असा घट्ट रोवलेला होता की खालून मुंगी जाणार नाही. मी भाऊजींकडे वळले. ते पडद्याकडे बघतच नव्हते. फोन स्पीकरवर होता, तरी त्यांनी तो कानाशी दाबून धरला होता आणि डोळे मिटले होते.

"आहे फट," ते म्हणाले.

"नक्की?"

"आहे."

"मंग घाई नका करू," मंदार म्हणाला. "नीट पाहा. चारी बाजूनं पाहा. मी आहे लाइनवर."

मी चष्मा काढून मांडीवर ठेवला.