कामाचं ठिकाण: ठाणे

इस्रायलमधल्या अश्दोद शहरातल्या एका फ्रीज-कंपनीच्या तक्रार विभागात २००४ सालच्या पेसाहच्या सणानंतर एक गंभीर घोषणा झाली. विभागप्रमुख रोनित म्हणाली, "कोणालाही काढलेलं नाही. माणसं इथेच राहतील, खुर्च्याही इथेच राहतील. फक्त काम तेवढं भारतात जाईल." यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या. सवयीनं वाजल्या, असं ते मागाहून म्हणाले.

त्याच विभागातल्या सिगालच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट उभी राहिली: लेकीचं, शिरानचं, पाळणाघर. सरकारी सवलतीची ती जागा सिगालनं अशी धावपळ करून मिळवली होती की शिरान पोटात आहे हे नवऱ्याला कळायच्या आधी पाळणाघराला कळलं होतं. नियम सरळ होता. आई नोकरीवर, तर मूल पाळणाघरात; आई घरी, तर मूलही घरी. नवरा बंदरावर पाळ्या करायचा आणि खाजगी पाळणाघराचं नाव काढलं की विषय बदलायचा. सिगाल समाजशास्त्राची पदवीधर होती. त्यामुळे तिला संकट इतरांपेक्षा लवकर दिसे, आणि उपाय इतरांइतकाच उशिरा.

रोनितनं तिला बाजूला घेतलं. "तुला ती इंडियन भाषा येते ना?"

"मराठी." सिगालचे वडील तरुणपणी भारतातून इथे आलेले मराठी ज्यू होते; घरात मराठीच चाले.

"तीच. ठाण्याच्या मुलांना तू तयार कर. कंपनी विसरणार नाही."

कंपनी काय विसरणार नाही, हे विचारायचं सिगाल विसरली.

ठाण्याच्या पोरांनी खास वर्ग लावून हिब्रू शिकून घेतली होती. व्याकरण असं शुद्ध, की अश्दोदच्या बाजारात ते कोणाला कळलं नसतं. प्रत्येकाला एकेक इस्रायली नावही मिळालं होतं. म्होरकी मुग्धा फोनवर 'नओमी' झाली होती. अडचण एकच होती. मुलं सभ्य होती. सरावासाठी दिलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला मुग्धा म्हणाली, "आपली गैरसोय झाली, आम्हाला मनापासून खेद वाटतो." तो माणूस बायको-मुलांना घेऊन तडक जिना उतरला आणि खालून फोन करून विचारू लागला, "फ्रीज फुटणार आहे का? खरं काय ते सांगा!"

तेव्हा सिगालनं कंबर कसली आणि अश्दोदहून फोनवर शिकवणी सुरू केली.

"मुग्धा, 'खेद' हा शब्द काढून टाक. आधी म्हणायचं, 'नू?'"

"म्हणजे काय, ताई?"

"म्हणजे, बोल लवकर, मला कामं आहेत."

"पण कामं त्यांचीच आहेत ना?"

"ते त्यांना कळता कामा नये. आणि माणसाचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. पुरं झालं तर तो दुसरं सुरू करतो."

मुलं मन लावून शिकली. आणि सिगालनं जीव ओतून शिकवलं. कारण ती पोरं तिला 'ताई' म्हणत. "ताई, जेवलात का?" "ताई, तुम्ही इस्पितळ म्हणता, आगगाडी म्हणता! अगदी आमच्या पणजीसारखं बोलता हो!" घरी शिरानला मराठीत हाक मारली तर उत्तर हिब्रूत यायचं, बहुधा पाठ फिरवून. इथे वीस-बावीस वर्षांची पोरं तिच्या तोंडून मराठी ऐकायला कान टवकारून बसत. मग तिनं पुस्तकात नसलेलंही सांगून टाकलं: कुठली म्हातारी फक्त बोलायला फोन करते, कुठल्या वस्तीत आधी आवाज चढवायचा, शब्बाथची सुट्टी लागते म्हणून शुक्रवारी दुपारनंतर कोणाला काहीच कबूल करायचं नाही.

"अगो, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस तो घेतेस," तिचे वडील इझिकेल म्हणाले, "वर तो नेम धरून कसा पाडायचा, तेही शिकवतेस?"

"पप्पा, ती मला ताई म्हणतात."

इझिकेल म्हणाले, "काय नाव म्हणालीस तिचं? नओमी? आम्हाला इथले व्हायला अख्खी जवानी गेली. तिला एका दुपारीत जमलं. हुशार हाय पोरगी."

पोरं पहिल्या वर्गात पास झाली. मुग्धानं शेवटच्या परीक्षेत खुद्द रोनितचं वाक्य चारदा तोडलं. रोनितच्या डोळ्यांत पाणी आलं. सिगालला पुष्पगुच्छ मिळाला, आणि सोमवारपासून रजा. कायमची.

रोजगार कचेरीत अदिना नावाची बाई बसली होती. आवाज मऊ, नियम कडक.

"उद्या काम मिळालं तर जाशील?"

"जाईन की. मुलीचं पाळणाघर तेवढं चालू राहू दे."

"पाळणाघर काम असणाऱ्यांना असतं."

"मग काम द्या."

"काम उपलब्ध असणाऱ्यांना असतं. तुझ्या कडेवर मूल आहे. तू उपलब्ध नाहीस."

अदिनानं हे दमानं, अगदी बहिणीच्या मायेनं समजावलं. तिलाही लहान मूल होतं. ते पाळणाघरात होतं.

मग तिनं संगणकात पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. सिगालसाठी एक काम अगदी माप घेऊन शिवल्यासारखं होतं: फ्रीजच्या तक्रारी, हिब्रू अस्खलित, मराठी येत असल्यास उत्तम. ठाण्याच्या केंद्राला काम झेपेनासं झालं होतं आणि घरी बसून फोन घेणारी माणसं हवी होती. पगार अर्थातच ठाण्याचा.

"हे माझंच काम आहे!" सिगाल म्हणाली.

"म्हणजे अनुभवही आहे. नाकारलंस तर 'कामास नकार' अशी नोंद होईल आणि भत्ता बंद."

सिगालनं काम घेतलं. तिची वरिष्ठ होती मुग्धा.

"ताई, मला फार लाजल्यासारखं होतंय हो."

"लाजू नकोस. ती सवय मी मोडली होती ना तुझी?"

पण नोकरी ती नोकरी. सिगाल नेमणुकीचं पत्र घेऊन पाळणाघरात धावली. तिथली प्रमुख लेआ आनंदानं 'मझल तोव' म्हणाली, पत्र वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"कामाचं ठिकाण: ठाणे. मुलाला जागा आईच्या कामाच्या ठिकाणाजवळ मिळते, गं. तू ठाण्यात विचार."

"लेआ, मी घरूनच काम करते. या मागच्या गल्लीत!"

"घरीच असतेस?" लेआनं चष्मा काढला. "मग पाळणाघर कशाला हवं?"

तेव्हापासून सिगाल कानाला फोन आणि मांडीवर शिरान घेऊन बसू लागली. फोन संपला की गिऱ्हाईक एक ते पाच यांतला आकडा दाबतं: पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे वाईट. 'एक' फार वेळा पडला की करार संपतो. एके दुपारी शिरानला ताप होता. एका बाईंच्या फ्रीजखाली तळं साचलं होतं. सिगालनं त्यांना मागची नळी कुठे तुंबते ते सांगितलं, शेजारी बसून सांगावं तसं. नळी मोकळी झाली. तेवढ्यात शिराननं हिब्रूत आईला हाका मारत भोकाड पसरलं, "ईमा! ईमा!"

"हे काय, इंडियात ऑफिसात पोरं आणतात?" बाई म्हणाल्या. "मला इथलं माणूस द्या."

"मी अश्दोदहून बोलतेय, बाई."

"सगळे तसंच सांगतात! नाव काय तुझं?"

"सिगाल."

"हं. खरं नाव?"

शिराननं रडं थांबवून तिच्या तोंडाकडे पाहिलं. पलीकडे एक बटण दाबल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मुग्धाचा फोन आला. ती बराच वेळ बोलली आणि तिचं एकही वाक्य सिगालनं तोडलं नाही. करार संपला.

आकडा कोणी दाबला, हे कंपनी कोणाला सांगत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात आपलाही फ्रीज बिघडला होता. आपणही कुठल्याशा नंबरावर फोन केला होता. पलीकडे कोणाचं तरी मूल रडत होतं, आणि आपल्याला त्याचा फार त्रास झाला होता.

फ्रीजमधलं पाणी गार येतंय ना आता?