सव्वा कोसाचं जहाज

माझ्या धाकट्या भावाकडे सव्वा कोस लांबीचं जहाज आहे आणि पायात घालायला धड चप्पल नाही. जहाज आकाशात चालतं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकाशात. भाऊ शहापुरात, माझ्या घराला लागून असलेल्या खोलीत राहतो.

देवाजी त्याचं नाव. जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान भरून राइस मिलला नेलं. कंबर गेली तसं स्टेअरिंग सुटलं. त्याची मुलगी रंजू हैदराबादला नोकरीला असते. बाप घरात बसून सगळ्यांचं डोकं खाईल म्हणून तिने हा खेळ बसवून दिला. त्यात लोक अवाढव्य जहाजं चालवतात. जहाज किती जड, किती वेळात वळेल, कसं थांबेल, हे आकडे बदलून ठरवता येतं. देवाजीला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. मग काय विचारता!

पहिल्याच दिवशी तो खेळावर चिडला. मला, थोरल्या बहिणीला, तो बाई म्हणतो.

"बाई, एवढं मोठं धूड, अन् शेळीवानी वळते! धानानं भरली ट्रॉली कधी अशी वळन का? वजनाले मान द्या लागते!"

हे 'वजनाले मान' मी दिवसातून दहादा ऐकते. पिठाचा डबा उचलला तरी ऐकते. तेव्हापासून तो जहाजाचं वजन वाढवतो आहे. जहाज मागे घेताना मान वळवून खिडकीबाहेर बघतो. खिडकीबाहेर माझी म्हैस.

"म्हशीले काहून पाहून राहिला रे?"

"मागं पाहिल्याबिगर गाडी मागं घेऊ नये, बाई."

असं करत करत ते जहाज आकाशातल्या धक्क्याला लावायला पूर्ण तास लागायला लागला. त्यासाठी माणसंही दोन लागतात, एक चालवायला, एक इंजिनं सांभाळायला. आधी त्याच्यासोबत खेळणारे बरेच होते. सगळे कंटाळून पळाले. उरली रंजू. दर रविवारी सकाळी ती तिकडून, हा इकडून.

"रंजे, डावं इंजिन पाहा. अन् भाजी कायनं जळली म्हणतं?"

"फोन आला होता ना साहेबाचा. बाबा, हळू, उजवीकडे चाललं!"

"जाऊ दे उजवीकडे, येते वापस. साहेब काय म्हणे?"

एरवी फोनवर ही पोरगी "जेवले का? बरं, ठेवते" याच्या पुढे जात नाही.

शेवटी तिलाही कंटाळा आला. मागच्या आठवड्यात तिने तिकडूनच आकडे बदलून जहाज हलकं केलं. रविवारी मी तिथेच लाखोरीची डाळ निवडत बसले होते. जहाज सहा मिनिटांत धक्क्याला लागलं.

"मस्त ना, बाबा? चला, ठेवते!"

देवाजी कानाला हेडफोन तसाच लावून बसला. माझी अर्धी लाखोरी निवडून झाली, तरी तसाच. मग त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा आकड्यांत हात घातला.

मी म्हटलं, "पोरीनं एवढं चांगलं करून देल्लं. आता कायले बिघडवून राहिला?"

"लयच हलकं झालं होतं, बाई."

"मंग किती वजन टाकतं आता?"

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तासाभराचं."