तिन्ही साइटांचं एकमत

नेटवर शोधणं ही एक कला आहे आणि ती मला अवगत आहे. हे मीच सांगतो, कारण आमच्या घरात दुसरं कुणी सांगत नाही. ऑफिसात मी जुन्या फायली सांभाळतो आणि साहेबांना काही शोधायचं असलं की ते मलाच हाक मारतात. नेमके शब्द अवतरणचिन्हांत टाकायचे, जाहिराती ओलांडून खाली जायचं आणि तीन ठिकाणी तेच दिसल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. (शेवटचा नियम माझा स्वतःचा.)

त्या शनिवारी चार वाजता बायकोची मुलाखत होती. ती शाळेत गणित शिकवते आणि बारा वर्षांनी मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली होती. सकाळी तिच्या एकुलत्या एका ब्लेझरच्या बाहीवर मला डाग दिसला. तिला सुखद धक्का द्यावा म्हणून मी तो गुपचूप वॉशिंग मशीनमध्ये टाकला. (लेबल वाचून. मी बेजबाबदार नाही.) मशीन अर्ध्यावर बंद पडलं. पोटात पाणी, दार कुलूपबंद आणि काचेला चिकटलेली बाही. मेकॅनिकने सोमवार दिला.

बायकोने घड्याळाकडे बघितलं. मी बाह्या सरसावल्या. दहा मिनिटांत तीन वेगवेगळ्या साइटांवर एकच उपाय सापडला: मशीन मागे कलतं करून डाव्या अंगाला तीन जोरदार थापा मारा. मी मारल्या. तिसऱ्या थापेला मागची नळी निसटली आणि नळाचं पाणी स्वयंपाकघरभर झालं. दार जागचं हललं नाही.

"तिन्ही साइटांचं एकमत आहे," नळ बंद करून मी म्हणालो. "शब्दन्‌शब्द सारखं."

बायकोने फोन हातात घेतला आणि पेपर तपासताना वाचते तसं वाचलं. "तीन मुलांचे पेपर शब्दन्‌शब्द सारखे आले तर मी काय समजते?"

"कॉपी," मी म्हणालो.

"मग मूळ पेपर कुणाचा, ते बघू."

तिने तारखा तपासल्या. सगळ्यांत जुनं उत्तर चार वर्षांपूर्वीचं होतं, लिहिणाऱ्याचं नाव 'अनुभवी गृहस्थ'. उत्तराच्या शेवटी लिहिलं होतं: (घरातल्या मंडळींचं ऐकू नये.)

"कंसात असं कोण बोलतं हो?" तिने विचारलं.

मी पोछा शोधू लागलो. जुन्या मशीनचं दार एकदा थापांनी उघडलं होतं, त्या भरात मी ते उत्तर लिहून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात ते मशीन भंगारात गेलं, तेवढं लिहायचं राहिलं. उत्तर तीनशे अठरा जणांना आवडलं होतं. खोटं कशाला बोलू, ओल्या पायांनीही माझी छाती फुगली.

बायकोने मशीनच्या पाठीवरचा मॉडेल नंबर टाकला आणि कंपनीचीच पुस्तिका उघडली. खालची झडप काढा, आतल्या छोट्या नळीने पाणी सोडा, शेजारची पट्टी ओढा. दोन वाजता दार उघडलं. साडेतीनपर्यंत मी इस्त्री फिरवली आणि ती किंचित दमट ब्लेझरमध्ये मुलाखतीला गेली.

तिथे तिला विचारलं, मुलांना नेटवरची खरी माहिती ओळखायला कसं शिकवाल? तिने एका ओळखीच्या गृहस्थांचा किस्सा सांगितला. जागा तिलाच मिळाली. मला तिचा इतका अभिमान वाटला, की सोमवारी मी अख्ख्या ऑफिसला दोनदा सांगितलं. (त्यात माझा वाटा किती, तेही सांगितलं.)

मग मला कर्तव्याची जाणीव झाली. आपलं चुकीचं उत्तर आपणच दुरुस्त करावं म्हणून मी त्या साइटवर गेलो. जुना पासवर्ड आठवेना, तेव्हा नव्या नावाने खाली लिहिलं, "हा उपाय चुकीचा आहे. कंपनीची पुस्तिका बघा."

तासाभरात उत्तर आलं: "ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये. अनुभवी गृहस्थांचं म्हणणं आणखी दोन साइटांवरही आहे, तपासून बघा."