पाच गुडघ्यांचा बाक

अन्याय झाला तो वेंकटराव काकांवर. केव्हा, तेही सांगते: गेल्या आडी महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढ-श्रावणात, पहिल्या शुक्रवारी सकाळी, कॉफीची दुसरी खेप व्हायच्या आत. कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत भजनमठ आहे. त्याच्या ओसरीवरचा, काकांनी स्वतः आखून सुताराकडून करवून घेतलेला बाक मठाच्या कमिटीनं उचलून मागच्या विहिरीशी टाकला आणि तिथं निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. काकांना विचारलंसुद्धा नाही.

एका बाकासाठी एवढा आरडाओरडा? आधी माणूस ओळखून घ्या.

काकांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, गुडघे राहतात. कुणी समोर आलं की ते चेहरा बघत नाहीत. जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत नजर नेतात आणि पुटपुटतात, "सतरा इंच." झालं, तो माणूस जन्मभर सतरा. मी साडेसोळा. मठाचे सेक्रेटरी सुंदरराव अठरा. माझ्या आतेबहिणीला बघायला तिरुनीलक्कुडीहून मंडळी आली, तेव्हा शेजारी म्हणून काका हजर होते. पगार, गोत्र, पत्रिका सगळं बोलून झाल्यावर त्यांनी आपलं एकमेव मत दिलं. "मुलगा एकोणीस, मुलगी सोळा. एका सोप्यावर दोघांनी बैसायचे कैसे?" लग्न झालं. त्या घरात सोफा नाही. दोन वेगळ्या खुर्च्या आहेत आणि दोघं सुखात आहेत.

दुसरी खोड म्हणजे कुठलीही वस्तू हाती आली की ती उलटी करून बुड बघायचं. जन्मभर वस्तूंची डिझाइनं केली म्हणून लोक काकांना 'डिझैन राव' म्हणतात; ते येताना दिसले की नाचियार्कोविलचा समयांचा दुकानदार समयांतलं तेल आधी काढून ठेवतो.

आमचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले आणि त्यांची मराठीही इथंच राहिली. तुम्ही बसता, काका बैसतात. त्यांचं पालुपदच ते: "पहिले बैसा, मग बोला." नळ गळतोय म्हणून जा, नाहीतर मुलगा घर सोडून गेला म्हणून जा. मी तर कधी समता हवी म्हणून, कधी बसथांब्यावर म्हाताऱ्यांना बसायला जागा हवी म्हणून पत्रकं वाटते. कुणाशी तरी भांडून रोज त्यांच्या दारी येते, आणि रोज हेच ऐकते.

पालुपद मराठी असलं तरी ते आलंय परदेशातून.

महायुद्ध संपल्यावर, काका सांगतात, देशोदेशीच्या डिझायनरांच्या ध्यानात आलं की सरकारांचं आपसात पटो न पटो, किटलीच्या मुठीनं हात सगळीकडे सारखाच भाजतो. त्यांनी मिळून एक जागतिक मंडळ काढलं. ज्यांचे पुढारी एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांचे डिझायनर एका टेबलाशी बसू लागले. पुढे शिबिरं निघाली. निरनिराळ्या देशांची माणसं एखाद्या गावात नेऊन सोडायची, गावाची एक अडचण त्यांनी मिळून सोडवायची, आणि झालेल्या वस्तूवर कुणी आपलं नाव घालायचं नाही.

"मग श्रेय कुणाचं?" मी विचारलं.

"बैसणाऱ्याचे."

तरुणपणी काका अशा एका शिबिराला गेले होते, उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावी. बोटीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी बाक करायचा होता. सोबत फिनलंडचा ताडमाड ओलावी, पोलंडचा यान, रशियाचा ग्रिशा, अमेरिकेचा बॉब आणि जपानची चिमुकली मिचिको. बाक किती उंच हवा यावर जुंपली. ग्रिशा आणि बॉब तर एकमेकांशी मिचिकोमार्फत बोलत. शेवटी वयानं सगळ्यांत लहान म्हणून काकांनी सलोखा केला. सुतळी घेतली, पाचही जणांचे गुडघे मोजले, सुतळीला पाच गाठी मारल्या आणि सरासरी काढली. सगळ्यांनी हात मिळवले. बाक झाला. मग त्यावर बसले. ओलावीचे गुडघे हनुवटीला लागले, मिचिकोचे पाय लोंबकळत राहिले.

"सगळ्यांस समान केले आणि कोणासही नीट बैसता येईना," काका सांगतात. "तरी पाचही जण वाहवा करीत बैसले. मज वाईट वाटू नये म्हणून. तेव्हापासून माझे ठरले, पहिले बैसायचे, मग बोलायचे."

नोकरी संपवून कुंभकोणमला परतल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते फणसाच्या लाकडाचा बाक, पाच जागांचा, पाच उंचींचा. सुताराला ताडी चढली होती, असं गल्लीनं ठरवून टाकलं. वर दर शुक्रवारी भजनाला काका दारात उभे. कोण आला, त्याचा गुडघा बघायचा आणि जागा नेमून द्यायची. फुलवाली कमलम्मा कायम सगळ्यांत बुटक्या जागेवर. चुकून कुणी दुसरीकडे टेकलं, की भर अभंगात "तिथे नको, इथे."

मी तावातावानं सुंदररावांना गाठलं.

"अगे, भजनाला यायचे की शिंप्याकडे मापास?" ते म्हणाले. "आणि खुर्च्या बघ, सगळ्यांस एकसारख्या. समता समता म्हणून पत्रके तूच वाटतेस ना?"

हे मला झोंबलं. बाक परत ओसरीवर ठेवा म्हणून सह्यांचा कागद केला आणि तो घेऊन काकांना शोधत मठामागे गेले. काका विहिरीशी बाकावरचा पाचोळा झाडत होते.

"काका, सही करा. आपण सोडायचं नाही."

"पहिले बैस, मग बोल."

मी समोरच्या जागेवर टेकले.

"तिथे नको. तो ग्रिशा."

मी उठले. मला वाटलं, चेष्टा करताहेत. काकांनी खिशातून सुतळी काढली. मळकी, पाच गाठींची. बाकाच्या एकेका जागेशी एकेक गाठ धरून दाखवली. हा यान. हा बॉब. हा ओलावी, त्याच्यावर आपले अठराच्या वरचे सगळे बसतात. आणि ही सगळ्यांत बुटकी.

"चौघे आधीच गेले होते," ते म्हणाले. "पोंगलला जपानहून मिचिकोच्या मुलीचा फोन आला. तीस इंग्रजी येत नाही, मज जपानी येत नाही. ती रडली तेव्हा समजले."

बुटक्या जागेवरचं पान झटकत ते म्हणाले, "कमलम्मा बैसते ना, तिचेही पाय टेकतात. मी दारातून पाहतो. पाचही जागा भरल्या की मग भजन कोणतेही असू दे."

"आणि तुमची जागा कुठली?"

त्यांनी बाकाकडे पाहिलं, जणू हा प्रश्न आजच निघाला. "माझी नाही गे. मज कोणी मोजले नाही. सुतळी माझ्याच हातात होती."

सह्यांचा कागद मी घडी करून ठेवला. सुंदररावांना द्यायचं उत्तर मला सापडलंय, पण ते पत्रकात लिहून भागणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते: येत्या शुक्रवारी मठामागच्या विहिरीशी या. बाक जड आहे, हात लावा आणि ओसरीवर नेऊन ठेवा. काकांच्या खिशातली सुतळी मागून घ्या. काका टाळाटाळ करतील, पहिले बैसा म्हणतील. बसू नका. आधी त्यांचा गुडघा मोजा आणि सहावी गाठ मारा.